अशनीच्या चुऱ्यातील अमिनो आम्ले कशी तपासावीत

मुंबईच्या पावसाळी हवेत कार्बनयुक्त अशनीची कुपी उघडी ठेवू नये; ओलावा आणि हातांवरची अमिनो आम्ले नमुन्यात सहज मिसळतात. काचेची उपकरणे आधी ५०० अंश सेल्सिअसला रात्रभर तापवावीत. मग चुरा शुद्ध पाण्यासह काचेच्या नळीत सीलबंद करून १०० अंशांवर २४ तास ठेवावा, आणि तो अर्क हायड्रोक्लोरिक आम्लासह पुन्हा तापवून क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) तपासावा. नमुन्याविना कोरी चाचणीही याच क्रमाने करावी. ती टाळणाऱ्याच्या निष्कर्षांवर माझा तरी विश्वास बसत नाही.

२०२३ मध्ये पृथ्वीवर आणलेल्या बेन्नू या लघुग्रहाच्या नमुन्याप्रमाणे ॲलानिन या अमिनो आम्लाची डावी-उजवी (एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असलेली) रूपे जवळपास समप्रमाणात आढळली, तर ते अशनीतच मूळचे मानण्यास आधार मिळतो. पृथ्वीवरचे सजीव मुख्यतः डावे रूप वापरतात, म्हणून डावेच वरचढ असल्यास आधी प्रदूषणाचा संशय घ्यावा. आयसोव्हॅलिन या दुसऱ्या अमिनो आम्लाला मात्र हा नियम लावू नये, कारण मर्चिसन अशनीत त्याचे डावे रूप मुळातच अधिक आहे.