हॉलमधली शोकेस नव्याने लावताना

टीव्हीच्या बाजूच्या फळ्यांवर काय काय असतं, आठवून बघा. आहेरात आलेले शोपीस, मुलांच्या ट्रॉफ्या, सत्काराची स्मृतिचिन्हं, मागल्या चार वर्षांचे दिवाळी अंक आणि कुणीतरी घाईत ठेवलेला चार्जर. सगळं मायेनं जमलेलं, म्हणून हलवायला हात धजावत नाही. पण या गर्दीत घरातली सगळ्यात देखणी वस्तूही दिसेनाशी होते. एका रविवारी सकाळी, नवं काही विकत न आणता, हे बदलता येतं.

१. सगळं खाली उतरवा. जमिनीवर जुनी चादर पसरा आणि फळ्या पूर्ण रिकाम्या करा. वस्तू जागेवर असताना नुसती सरकवासरकव होते. फळ्या पुसून वाळू द्या आणि मागची भिंत हाताने चाचपा. ओल लागत असेल तर तिथे पुस्तकं नकोत. एरवीही पुस्तकं भिंतीपासून बोटभर पुढे ठेवावीत, म्हणजे पावसाळ्यात मागून हवा खेळते. कसर लागत असेल तर वेखंडाची पुरचुंडी मागे सरकवून ठेवा.

आता फळीकडे तिरकं बघा. मध्ये बाक आलाय का? पुस्तकांची फूटभर रांगसुद्धा चांगली जड असते. प्लायच्या फळीखालच्या दोन आधारांमध्ये अडीच-तीन फुटांहून जास्त अंतर असेल तर पुस्तकं कडेला, आधाराजवळ ठेवा.

२. निवडा. ट्रॉफ्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक. माझं म्हणणं, प्रत्येक मुलानं आपली एक ट्रॉफी स्वतः निवडावी, बाकीच्या खोक्यात जपून ठेवाव्यात. आपण परस्पर निवडली तर मूल दुखावतं.

३. मोठ्या वस्तूंपासून सुरुवात करा. त्यासाठी आधी माळा उघडा. आमच्याकडे लोणच्याची चिनीमातीची बरणी कित्येक वर्षं माळ्यावर धूळ खात होती. ती फळीवर आली आणि शेजारचे चार शोपीस आपोआप नकोसे झाले. पितळी डबा, तांब्याचा गडू, जुना पानाचा डबा यांना आकार आहे, वजन आहे, रंग आहे. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारलेलं भांडं असेल तर दिवा जवळ येईल अशा जागी ठेवा. ठोक्यांच्या प्रत्येक खळग्यात उजेड वेगळा चमकतो.

मोठ्या वस्तू एकाखाली एक नकोत. वरच्या फळीवर डावीकडे एक ठेवली, तर खालच्या फळीवर दुसरी उजवीकडे. नजर तिरकी उतरते आणि सगळी मांडणी बघितली जाते.

४. पुस्तकं उभी, दिवाळी अंक आडवे. अंकांचे पुठ्ठे मऊ असतात, उभे ठेवले की कंबरेत वाकतात. सहा-सात अंकांची आडवी चळत करा. वर अडकित्ता किंवा सावंतवाडीचं लाकडी फळ ठेवलं की त्या छोट्या वस्तूलाही बैठक मिळते.

५. जागा मोकळी सोडा. प्रत्येक फळीचा साधारण एक तृतीयांश भाग रिकामाच राहू द्या. सगळ्यात अवघड काम हेच, कारण रिकामी जागा दिसली की काहीतरी ठेवावंसं वाटतं. मांडून झालं की दारात उभं राहून मोबाइलवर फोटो काढा. डोळ्यांना सवयीने न खुपणारी गर्दी फोटोत लगेच दिसते.

६. हिरवळ आणि उजेड. बाटलीतला मनी प्लांट कडेला ठेवा, पुस्तकांच्या वर नको. पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. एलईडी पट्टी पिवळसर उजेडाची घ्या आणि फळीच्या खालच्या बाजूला पुढच्या कडेशी लावा. मागे लावली तर वस्तू काळोख्या दिसतात.

पितळ-तांबं चिंच आणि मिठाने घासलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवून कोरडं करा. मीठ राहिलं की हिरवट डाग पडतात. सावंतवाडीच्या रंगवलेल्या खेळण्यांना मात्र पाणी लावू नका, त्यांना कोरडं मऊ फडकं पुरतं.