कुबरनेटीसवर पाच-सहा तुकड्यांचं अ‍ॅप चढवायचंय? आधी कोण कोणासाठी थांबतं ते लिहून काढा

कुबरनेटीस म्हणजे कंटेनर (कोड आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेट) चालवणारी आणि सांभाळणारी यंत्रणा. एकाच कंटेनरचं अ‍ॅप असेल तर अर्ध्या तासात होतं, त्याला गाईड लागत नाही. घोडं पेंड खातं ते अ‍ॅपचे पाच-सहा तुकडे असले की. आमच्याकडे होतं तेच उदाहरण घेतो: जँगोचं वेब अ‍ॅप, मागे सेलरीचे वर्कर (मागच्या मागे कामं उरकणाऱ्या प्रोसेस), ठरलेल्या वेळेला कामं सोडणारा सेलरी बीट, कामांची रांग ठेवणारा रेडिस आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. हे सगळं एका हेल्म चार्टमध्ये (हेल्म म्हणजे कुबरनेटीसवर सगळं इन्स्टॉल करायचं टूल, चार्ट म्हणजे त्याचं पॅकेज) बसवायचं म्हणजे नवीन माणसाने एक कमांड मारली की सगळं उभं राहिलं पाहिजे.

लगेच यामल (कुबरनेटीसच्या कॉन्फिग फाइल्स) लिहायला बसू नका, कागद घ्या. वेब आणि वर्करला टेबलं तयार लागतात, टेबलं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बनवणारी-बदलणारी जँगोची पायरी) बनवतं, मायग्रेशनला पोस्टग्रेस चालू लागतो, पोस्टग्रेसला डिस्क आणि पासवर्ड लागतो. एवढ्या चार ओळी. पुढे जे काही फाटतं ते यातलीच एखादी ओळ विसरल्यामुळे फाटतं.

इमेज, म्हणजे ज्यावरून कंटेनर चालू होतो तो साचा, एकच बनवा. वेब, वर्कर, बीट, मायग्रेशन सगळ्यांचा कोड तोच आहे, फक्त सुरू करायची कमांड वेगळी. टॅगला (इमेजच्या व्हर्जनच्या नावाला) लेटेस्ट ठेवू नका, काल काय चालू होतं ते आज कळत नाही आणि रोलबॅक (मागच्या व्हर्जनवर परत जाणं) कशावर करायचा तेही कळत नाही. आणि डॉकरफाइलमधली शेवटची कमांड चौकोनी कंसातल्या रूपात लिहा. साधी ओळ लिहिली की कंटेनरमध्ये एक नंबरची प्रोसेस शेल होते, पॉड (कुबरनेटीस कंटेनर ज्यात चालवतं ते युनिट) बंद करताना येणारा सिगटर्म (थांबायची सूचना) तिथेच अडकू शकतो, तुमच्या अ‍ॅपला पत्ताच नाही, आणि ३० सेकंदांनी सरळ सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद. वर्करला हे फार महागात पडतं, कारण सिगटर्म मिळाला तर सेलरी हातातलं काम संपवून मग थांबतो. पण ते काम चार मिनिटांचं असेल तर ३० सेकंद पुरणार कसे, म्हणून वर्करचा टर्मिनेशन ग्रेस पिरियड (थांबायला दिलेली मुदत) ३०० सेकंद करून टाका.

आता मायग्रेशन, इथे मी दोन दिवस घालवलेत.

बहुतेक जण मायग्रेशनचा जॉब (एकदा चालून संपणारं काम) करतात आणि त्याला हेल्मचा प्री-इन्स्टॉल हुक (हे कधी चालवायचं ते सांगणारी खूण) लावतात. ऐकायला बरोबर वाटतं, आधी मायग्रेशन मग अ‍ॅप. पण प्री-इन्स्टॉल म्हणजे चार्टमधलं बाकी काहीही बनायच्या आधी! पोस्टग्रेस त्याच चार्टमध्ये आहे, म्हणजे तो अजून जन्मालाच आलेला नाही, कॉन्फिगमॅप (सेटिंग्ज) नाही, सीक्रेट (पासवर्ड) नाही, आणि जॉब बिचारा कनेक्शन शोधत बसतो. मग माणूस पोस्ट-इन्स्टॉल करून बघतो. तेही चालतं, पण कोणीतरी सीआयमध्ये (टेस्ट-डिप्लॉय आपोआप करणाऱ्या यंत्रणेत) वेट फ्लॅग लावेपर्यंतच. वेट लावला की हेल्म सगळे पॉड रेडी व्हायची वाट बघतो आणि मगच पोस्ट-इन्स्टॉल हुक चालवतो, अ‍ॅप मात्र टेबलं नाहीत म्हणून रेडी होत नाही. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, पाच मिनिटांनी टाइमआउट. लॉगमध्ये धड एररही नसते, त्यामुळे कळायला वेळ लागतो.

मी शेवटी हुकचा नादच सोडला. मायग्रेशन साधा जॉब ठेवला, नावात रिलीजचा रिव्हिजन नंबर घातला कारण एकदा बनलेल्या जॉबचा पॉड टेम्प्लेट बदलता येत नाही, जुन्याच नावाने अपग्रेड केलं तर एरर येते. पोस्टग्रेस वर यायला वेळ लागला तर जॉबचे रीट्राय संपू नयेत म्हणून जॉबलाही आधी डेटाबेसची वाट बघायला लावलं. आणि वेब-वर्करला एक इनिट कंटेनर (मुख्य कंटेनरच्या आधी चालून संपणारा) दिला जो जँगोचं मायग्रेट चेक फ्लॅग लावून लूपमध्ये चालवतो. जँगो ३.१ पासून हा फ्लॅग आहे, मायग्रेशन बाकी असतील तर कमांड फेल होते, सगळं लागलं की पास होते आणि अ‍ॅप सुरू. वेट लावा नाहीतर नका लावू, फरक पडत नाही. फक्त अपग्रेडच्या वेळी जुने पॉड अजून चालूच असतात हे विसरू नका, त्यामुळे कॉलम उडवणारं मायग्रेशन त्याच रिलीजमध्ये घालायचं नाही, पुढच्या रिलीजमध्ये.

दुसरा खड्डा पासवर्डचा. चार्टमध्ये रँडम पासवर्ड बनवणारं फंक्शन वापरायचा मोह होतो, कारण पहिल्यांदा मस्त चालतं. मग कोणीतरी अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करतं. अनइन्स्टॉलने सीक्रेट जातं, पण स्टेटफुलसेटने (पोस्टग्रेससारखे डेटा जपणारे पॉड चालवायचा प्रकार) बनवलेली डिस्क, म्हणजे पीव्हीसी, तशीच राहते (आणि राहू दे, डेटा आहे तो). आता नवीन सीक्रेटमध्ये नवीन पासवर्ड, डिस्कवर जुना पासवर्ड. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज पासवर्ड व्हेरिएबल फक्त डेटा फोल्डर रिकामा असेल तेव्हाच बघते. मग पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड, आणि आपण सीक्रेट उघडून बघतो तर पासवर्ड अगदी बरोबर दिसतो, डोकं फिरतं. उपाय सोपाय, सीक्रेट चार्टच्या बाहेर बनवा आणि व्हॅल्यूजमध्ये (चार्टच्या सेटिंग्जमध्ये) फक्त त्याचं नाव द्या. खरं सांगायचं तर प्रॉडक्शनला पोस्टग्रेसच चार्टच्या बाहेर असावा असं माझं मत आहे, चार्टमधला फक्त डेव्ह आणि टेस्टसाठी.

बीटबद्दल एकच सांगतो पण महत्त्वाचं आहे. रेप्लिका (पॉडची संख्या) १ ठेवली म्हणजे झालं असं वाटतं, नाही झालं. डिप्लॉयमेंटची नेहमीची रोलिंग अपडेट पद्धत आधी नवीन पॉड उभा करते मग जुना काढते, म्हणजे थोडा वेळ दोन बीट चालतात. आमच्याकडे एकदा रात्रीच्या डिप्लॉयला रिमाइंडरचे एसएमएस दोनदोनदा गेले आणि सकाळी सपोर्टवाल्या ताईंनी बरंच ऐकवलं. बीटची स्ट्रॅटेजी रीक्रिएट करा, म्हणजे आधी जुना जाईल मग नवा येईल.

प्रोबमध्ये (कुबरनेटीस पॉडची तब्येत बघतं त्या तपासण्यांमध्ये) लाइव्हनेसला, म्हणजे फेल झाली की रीस्टार्ट करणाऱ्या तपासणीला, डेटाबेस चेक करायला लावू नका. डेटाबेस जरा संथ झाला की सगळे पॉड एकदम रीस्टार्ट होतात आणि वर येऊन त्याच डेटाबेसवर तुटून पडतात. डीफॉल्ट टाइमआउट तर फक्त १ सेकंद असतो. अ‍ॅप सुरू व्हायला वेळ लागत असेल तर स्टार्टअप प्रोब द्या, १० सेकंदांनी एकदा असे ३० प्रयत्न म्हणजे ५ मिनिटं मिळतात. पॉड १३७ कोडने मरत असेल तर बहुतेक वेळा मेमरी लिमिट कमी पडतंय, डिस्क्राइब कमांडमध्ये ओओएम किल्ड (मेमरी संपली म्हणून मारला) लिहिलेलं दिसेल.

कॉन्फिगमॅप बदलला तरी पॉड आपोआप रीस्टार्ट होत नाहीत, म्हणून पॉडच्या अ‍ॅनोटेशनमध्ये कॉन्फिगचा चेकसम घाला. हेल्मच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ही युक्ती आहे.

टेस्ट करताना नुसतं इन्स्टॉल करून टाळ्या वाजवू नका. लॅपटॉपवर काइंड (आपल्याच मशीनवर कुबरनेटीस चालवायचं टूल) क्लस्टर उभा करा आणि या क्रमाने चालवा: इन्स्टॉल, मागच्या व्हर्जनवरून अपग्रेड, रोलबॅक, अनइन्स्टॉल, परत इन्स्टॉल. रोलबॅकला पॉड मागे जातात, टेबलं जात नाहीत, ते तिथेच दिसेल. आणि मधेच पोस्टग्रेसचा पॉड हाताने डिलीट करून बघा, दोन मिनिटांत सगळं परत हिरवं झालं तरच पुढच्या माणसाला चार्ट द्या.