टीम सांभाळताना ढील किती द्यायची

सात जणांच्या सॉफ्टवेअर टीमची लीड झाले, तेव्हा पहिले काही महिने मी रोज रात्री दुसऱ्यांचा कोड दुरुस्त करत बसायचे. एकदा एका नवीन मुलीच्या कामातल्या चाळीसेक ओळी मी परस्पर बदलल्या. तिला सांगितलंही नाही. म्हटलं, उगाच कशाला दुखवायचं. पुढच्या वेळी तिचं काम अर्धवटच आलं. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "मॅडम, बाकीचं तुम्ही तसंही बदलणारच होतात ना?"

ते लागलं मला. मग मी पार दुसरं टोक गाठलं. टीममधल्या सगळ्यात अनुभवी सहकाऱ्याकडे डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवायचं काम सोपवलं आणि तीन आठवडे एका शब्दाने विचारलं नाही. त्याला काय विचारायचं, असं वाटत होतं. पण हे काम त्यानेही आधी कधी केलेलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात तो अडकला होता, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मदत मागायची कशी, म्हणून गप्प होता.

दोन्ही वेळा मी माणूस बघून ढील ठरवली होती. ती कामागणिक ठरवायची असते. व्यवस्थापनाचे अभ्यासक पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सिच्युएशनल लीडरशिपचा, म्हणजे परिस्थितीनुसार बदलणाऱ्या नेतृत्वाचा, गाभाही हाच आहे: एकाच माणसाला एका कामात बारीक मार्गदर्शन लागतं आणि दुसऱ्या कामात त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं लागतं.

म्हणून काम देण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हे नेमकं काम या माणसाने आधी केलंय का? आणि चुकलं तर मागे फिरता येईल का? काम नवीन असेल आणि चूक निस्तरता येणारी नसेल, तर जवळ राहा, रोज बघा. काम नवीन आहे पण चूक तासाभरात सुधारता येईल, तर खुशाल चुकू द्या. शिकायला याहून चांगली जागा नाही. काम हातखंड्याचं असेल तर तारीख ठरवा आणि दूर व्हा. मात्र चूक महागात पडणारी असेल, तर हातखंड्याचं कामही शेवटी एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून जाऊ द्या.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो काम सोपवतानाच्या बोलण्याला. मी आता साधारण असं सांगते: "गुरुवारपर्यंत लॉगिनचं पान दोन सेकंदांत उघडायला हवं. कसं करायचं ते तू ठरव. पासवर्ड तपासण्याच्या भागाला मात्र हात लावू नकोस. मंगळवारी अर्धा तास बसू, जेवढं झालं असेल तेवढं दाखव. एकाच जागी अर्धा दिवस अडकलास तर मंगळवारची वाट बघू नकोस, मला बोलव." यातला मंगळवार फार महत्त्वाचा. आधीच ठरलेलं असलं की 'कुठवर आलं?' हा प्रश्न संशयासारखा वाटत नाही. आणि बोलवायचं कधी हे तुम्हीच सांगून ठेवल्यामुळे मदत मागणाऱ्याला कमीपणाही वाटत नाही.

मंगळवारी दाखवलेलं काम पटलं नाही, तर कीबोर्ड आपल्याकडे ओढू नका. मी रिव्ह्यूमध्ये प्रत्येक शेरा दोनपैकी एका शब्दाने सुरू करते: 'चूक' किंवा 'आवड'. 'चूक' असेल तर बदलावंच लागतं, कारणही मी लिहिते. 'आवड' असेल तर घ्या किंवा सोडा. हे करायला लागले आणि माझ्याच लक्षात आलं, की इतके दिवस मी बहुतेक आवडीनिवडीच लादत होते.

निर्णयांचंही तसंच. 'तुम्हाला काय वाटतं?' विचारण्याआधी निर्णय कुणाचा, ते सांगून टाका. मत घेऊन मी ठरवणार असेन तर तसं म्हणते. आधीच ठरवून ठेवलेल्या गोष्टीवर मतं मागवली, तर पुढच्या मीटिंगला कुणी तोंड उघडत नाही.

ढील जमते आहे का, हे तुम्ही समोर नसताना कळतं. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांचे गट वेगवेगळ्या पद्धतीच्या नेत्यांच्या हाताखाली मुखवटे बनवण्यासारखी कामं करत होते. हुकूम सोडणारा नेता खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम मंदावायचं. सगळ्यांना सोबत घेऊन ठरवणाऱ्याचा गट मात्र तो गेल्यावरही काम करत राहायचा. तेव्हा मुद्दाम दोन-तीन दिवस बाजूला व्हा. परत आल्यावर काय काय अडून राहिलंय ते लिहून काढा. ज्या कामांवर तुमची मूठ अजून घट्ट आहे, ती त्या यादीत सापडतील.

गेल्या रजेवरून परतले, तर त्याच मुलीचा निरोप होता: "रिलीज एक दिवस पुढे ढकललं. कारण खाली लिहिलंय." मी कदाचित ढकललं नसतं. तिचं कारण दोनदा वाचलं. 'ठीक आहे' एवढंच लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले.