द्राक्षाची फळछाटणी: सगळी बाग एका तारखेला छाटू नका

बागायतदार मंडळी, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की फळछाटणीचा, म्हणजे घड येण्यासाठी वेल छाटण्याचा, एकच प्रश्न गावात फिरतो, "छाटणी कधी धरताय?" मजुरांची टोळी मिळाली, पावसाने दोन दिवस उघडीप दिली, की आठ एकर असो वा बारा, सगळी बाग एका दमात छाटून मोकळं व्हायचं. मजूर टिकत नाहीत, पेस्टचं (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध लावण्याचं) काम एकदम उरकतं, विरळणीची (घडातले जादा मणी काढणारी) माणसं एकाच वेळी लावता येतात. ही सोय मी नाकारत नाही. पण आता ही सोय फार महाग पडू लागली आहे.

२६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट नाशिक जिल्ह्यातल्या निफाड पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. ज्यांची सगळी बाग एकाच अवस्थेत होती त्यांचं सगळंच एका संध्याकाळी गेलं. ज्यांचे दोन-तीन तारखांचे प्लॉट होते त्यांचंही नुकसान झालं, पण उशिरा छाटलेल्या प्लॉटमध्ये घड अजून लहान होते, तिथे हाताला काहीतरी लागलं. त्याच हंगामात तिकडे दक्षिण अमेरिकेत, पेरू देशाच्या उत्तरेकडच्या पिउरा भागात, एल निनोच्या उष्णतेने वेली नीट फुटल्या नव्हत्या, घड कमी सुटले होते. पेरू हा जगातला मोठा द्राक्ष निर्यातदार आहे आणि त्याचा हंगाम आपल्या सुरुवातीच्या मालाला येऊन भिडतो. त्याचा माल घटला की युरोपच्या फळीवर आपल्याला जागा होते. जागा होती, पण आपल्याकडचे अनेक प्लॉट गारांनी झोडपलेले होते.

युरोपातल्या सुपरमार्केटच्या खरेदीदारांनी अशा वर्षांतून धडा घेतला आहे. द्राक्षासाठी ते एका देशावर विसंबून राहत नाहीत. दक्षिण आफ्रिका, पेरू, चिली, भारत अशी वाटणी करतात. एका देशातही माल वेगवेगळ्या पट्ट्यांतून, वेगवेगळ्या वाणांचा आणि आठवड्याच्या ठरलेल्या हिशेबाने मागतात. निर्यातदार ज्याला 'प्रोग्रॅम' म्हणतात तो हाच. हवामानाचा भरवसा उरला नाही म्हणून त्यांनी जोखीम वाटून घेतली. आपण मात्र आपली सगळी जोखीम एका तारखेत आणि थॉम्पसन या एकाच वाणात घालून बसतो. माझा सगळा आग्रह एवढ्याचसाठी आहे की जे तो खरेदीदार करतो, ते आपण आपल्या बांधाच्या आत करावं.

करायचं कसं? बागेचे किमान तीन तुकडे पाडा आणि छाटणीत बारा ते पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. पहिला तुकडा निचऱ्याच्या, उंचवट्याच्या जमिनीवरचा घ्या, कारण ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला तर तिथे पाणी साचत नाही आणि फवारणीचा ट्रॅक्टर आत जाऊ शकतो. काळी, चिबड जमीन शेवटी छाटा. डाऊनी या बुरशीजन्य रोगाचं खरं संकट तीन-चार पानांपासून फुलोरा संपेपर्यंत असतं. सगळी बाग एकाच वेळी त्या अवस्थेत असेल आणि सलग तीन दिवस पाऊस लागला, तर एका ब्लोअरने (फवारणी यंत्राने) सगळी बाग वेळेत फवारून होत नाही. ज्याने रात्री बारा वाजता चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. तीन तुकडे असले की सगळी बाग एकदम नाजूक अवस्थेत सापडण्याचा धोका कमी होतो, जो तुकडा नाजूक आहे त्याला आधी वाचवता येतं. मजुरांच्या टोळीशी आधीच बोला. त्यांनाही एकदम आठ दिवसांऐवजी दीड महिनाभर थोडं थोडं काम परवडतं, असा माझा अनुभव आहे.

तारीख ठरवण्याआधी काडी तपासून घ्या. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावर नवीन काडीसाठी करतात ती) साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. त्या काळात ऊन हवं असतं. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला, मुंबईत मॉन्सून २६ मे रोजी दाखल झाला, आणि ढगाळ हवेने अनेक बागांत घडच बसला नाही. ऑक्टोबरात छाटणी झाली, पेस्ट झाली, फूट निघाली आणि घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, निघाली. खर्च सगळा करून बसल्यावर हे कळणं फार वाईट. प्रत्येक तुकड्यातून जाड, मध्यम आणि बारीक अशा काड्या प्रयोगशाळेत द्या. कितव्या डोळ्यावर घड आहे ते समजतं आणि त्याप्रमाणे सहाव्या डोळ्यावर, आठव्या डोळ्यावर की सबकेनच्या (शेंडा खुडल्यावर फुटलेल्या काडीच्या) गाठीपुढे छाटायचं ते ठरवता येतं. तपासणीत घडच नसतील, तर त्या तुकड्यावर या हंगामात किती खर्च करायचा याचा विचार छाटणीआधीच होतो.

आता प्लास्टिक आच्छादनाचं. एकरी काही लाखांचा खर्च आहे, प्रत्येकाला झेपणारा नाही. ज्यांनी केलं त्यांची पानं पावसात कोरडी राहिली, डाऊनी आटोक्यात आली, मणी तडकणं कमी झालं. पण छताखाली भुरी (पांढरी बुरशी) आणि फुलकिडे डोकं वर काढतात, म्हणून छताखालचा प्लॉट 'सुरक्षित आहे' समजून सोडून देऊ नका. आणखी एक बाब, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. छताखाली औषध पावसाने धुतलं जात नाही आणि थेट ऊनही लागत नाही, त्यामुळे औषधाचा अंश जास्त दिवस टिकू शकतो. उघड्या बागेतलं काढणीपूर्व अंतर (शेवटची फवारणी आणि तोडणी यांतले दिवस) तिथे जसंच्या तसं लावू नका, थोडं वाढवूनच धरा आणि तोडणीआधी नमुना तपासा. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधक औषधाच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा किती घरं बसली ते आपण पाहिलं आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ॲनेक्श्चर ५ ची, म्हणजे शिफारस केलेल्या औषधांची, यादी औषधांच्या कपाटावर चिकटवून ठेवा. दुकानदाराच्या सांगण्यावरून यादीबाहेरची बाटली बागेत येऊ देऊ नका.

नवीन वाणांबद्दल थोडक्यात. पावसात कमी तडकणारे, कमी विरळणी लागणारे परदेशी वाण आपल्याकडे आले आहेत आणि खरेदीदार ते मागतो आहे. पण त्यांचे हक्क पैदास करणाऱ्या कंपनीकडे राखीव असतात. रॉयल्टी, विक्री कोणामार्फत करायची, कलम दुसऱ्याला देता येतं की नाही, हे सगळं करारात असतं. जाणकाराकडून करार वाचून घ्या, मग एखाद्या एकरावर सुरुवात करा.

नोंदींचा कंटाळा येतो, मला ठाऊक आहे. ग्रेपनेटची (निर्यातीच्या बागांची) नोंदणी आणि फवारणीची वही आपल्या अंगवळणी पडली. आता पाण्याची आणि खताचीही वही मागितली जाते आहे. ग्लोबलगॅप या चांगल्या शेतीपद्धतीच्या प्रमाणपत्रासोबत 'स्प्रिंग' नावाचं पाणी वापराचं वेगळं प्रमाणपत्र युरोपातले अनेक खरेदीदार विचारतात. ब्रिटनच्या टेस्कोसारख्या साखळीने तर २०५० पर्यंत शेतापासून ग्राहकापर्यंतची सगळी साखळी नेट झिरो, म्हणजे हवेत जाणाऱ्या कार्बनची निव्वळ भर शून्य, करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. त्या साखळीच्या शेतातल्या टोकाला युरिया, डिझेल आणि विजेची मोटार आहे. म्हणून आत्तापासून ठिबकला पाण्याचं मीटर बसवा, किती तास मोटार चालली, किती डिझेल गेलं ते तारखेनिशी लिहा. नत्राचा हात आखडता घेण्यात आपलाही फायदा आहे. जास्त नत्राने फूट लुसलुशीत होते आणि डाऊनीला आवतण मिळतं. उसाचं पाचट किंवा बगॅस मिळत असेल तर बोदावर (वेलीच्या ओळीतल्या उंच वरंब्यावर) अंथरा, पाण्याची पाळी लांबते.

डिसेंबर-जानेवारीत निफाड, दिंडोरीत पारा एकदम उतरतो. पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागण्याच्या, अवस्थेत असलेल्या हिरव्या वाणात तेव्हा पिंक बेरी येते, मणी गुलाबी पडतात. ज्या तुकड्याची ही अवस्था कडाक्याच्या थंडीत सापडणार आहे, त्याच्या घडांना आधीच कागद लावून घ्या. पहाटे ठिबक सोडा, बांधावर शेकोट्या पेटवा. तुकडे पाडलेले असतील तर कागद कुठे लावायचा हेही निवडता येतं, सगळ्या बागेचा खर्च पडत नाही.

तोडणीआधी वजनासाठी पाण्याचा मारा करू नका. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि माल दहा-पंधरा दिवस जास्त समुद्रावर राहिला. पाण्याने फुगवलेला मणी एवढा प्रवास सोसत नाही आणि रॉटरडॅमला पेटी उघडल्यावर त्याचा हिशेब आपल्याच खात्यातून कापला जातो.

शेवटी विमा. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत द्राक्षाची मुदत ऑक्टोबरातच संपते, त्या वर्षीच्या शासन निर्णयातली तारीख सहायक कृषी अधिकाऱ्याकडून पक्की करा. भरपाई आपल्या बांधावरच्या पावसावर मिळत नाही, महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरच्या नोंदीवर ठरते. म्हणून आपलं केंद्र कुठे आहे ते एकदा जाऊन बघा. बंद असेल, झाडाखाली असेल तर फोटो काढून तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं, अर्ज भरताना तो रकाना सुटू देऊ नका. गार पडली तर ७२ तासांच्या आत नुकसान कळवावं लागतं. अर्जाची पावती, सातबारा आणि पीक पाहणीची नोंद एका पिशवीत घालून ती घरातल्या सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा.