चळवळींचा अभ्यासक व्हायचे असेल तर

सामाजिक चळवळी आणि राजकीय सहभाग यांच्या अभ्यासात कारकीर्द करू इच्छिणाऱ्याने राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्रात एम. ए. करावे, नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय किंवा राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि पीएच. डी.साठी विषय शक्य तितका लहान निवडावा. ‘महाराष्ट्रातील शेतकरी आंदोलने’ हा विषय नव्हे, ते ग्रंथालयातले कपाट झाले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत आलेल्या मोर्चात एखाद्या तालुक्यातून कोण आले, शिधा कोणी जमवला आणि त्यांच्या वनहक्क दाव्यांचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्कासाठीच्या अर्जांचे, पुढे काय झाले, हा मात्र विषय होऊ शकतो.

क्षेत्रकार्यात घाई करू नये. पहिल्या भेटीत कार्यकर्ता बहुधा भाषणच ऐकवतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत पत्र्याची पेटी उघडते आणि पिवळी पडलेली पत्रके, वर्गणीच्या पावत्या, बैठकांच्या वह्या बाहेर येतात. त्यांची छायाचित्रे परवानगी घेऊन तेथेच काढावीत, आणि ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत त्यांची नावे स्वतःच्या टिपणवहीतही सांकेतिकच ठेवावीत.

समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून येऊन मराठी शिकल्या, ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून सांगली जिल्ह्यातील कासेगावात स्थायिक झाल्या. ज्यांची मायबोलीच मराठी आहे, त्यांनी जुन्या पत्रव्यवहारापुरती तरी मोडी शिकायला हरकत नसावी.

कायम पदाची वाट पाहताना काही वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवावे लागण्याची शक्यता असते, म्हणून पीएच. डी.ला प्रवेश घेण्यापूर्वीच कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीसाठी, म्हणजे संशोधनाच्या काळात दरमहा मिळणाऱ्या विद्यावेतनासाठी, प्रयत्न करावा.