चूक टांकसाळीची की नंतरची? सदोष नाणे पारखण्याची रीत

नाशिकच्या सराफ बाजारात किंवा घरच्या गल्ल्यात एखादे विचित्र नाणे हाती आले, तर त्याची किंमत विचारण्याआधी तो दोष कोठे जन्मला हे ठरवावे: कोऱ्या चकतीत, छापाच्या ठशात (म्हणजे डायमध्ये), प्रत्यक्ष छापताना, की नाणे टांकसाळीबाहेर पडल्यावर. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ‘दुर्मीळ’ नाण्यांचे उत्तर शेवटचेच निघाले आहे. दहापट भिंग, सराफी काटा, लोहचुंबक आणि त्याच प्रकारचे एक निर्दोष नाणे एवढी सामग्री पुरते.

ठशातला दोष त्या ठशाने छापलेल्या पुढच्या नाण्यांवरही उतरतो, त्यामुळे तसेच दुसरे नाणे सापडणे हा भक्कम पुरावा असतो. ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेघ उमटते; ओरखडा मात्र नेहमी खोलगट असतो. दुहेरी अक्षरांबाबत सर्वाधिक फसगत होते. ठसाच दुहेरी कोरला गेला असेल, तर अक्षरे जाड दिसतात, दुसरी प्रतिमाही गोलाईदार असते आणि अक्षरांच्या टोकांना खाच दिसते. छापताना ठसा नुसता हलला असेल, तर अक्षराच्या कडेला सपाट पायरी उरते आणि मूळ अक्षर बारीक होते. या दुसऱ्या प्रकारासाठी जादा पैसे मोजू नयेत.

‘लखी’ नाण्यावर एका बाजूला नेहमीचा छाप आणि दुसऱ्या बाजूला त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा असते, कारण आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर तेच उमटते. शेगड्यात (लोखंडी पकडीत) दोन नाणी दाबून केलेल्या बनावट लखीत ही खोलगट प्रतिमा मूळ छापावरच चढलेली असते, आणि तो चेपलेला छाप खाली अंधूक दिसतो.

नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या मुद्रेवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची चिन्हे चढवलेली आहेत. एकावर एक दोन छाप असले, तरी ती चूक नव्हे, जाणूनबुजून केलेले पुनर्मुद्रण आहे.

चकती पाडतानाच काठ कापला गेलेल्या नाण्यात कापाच्या बरोबर समोरची कड पुष्कळदा पुसट असते; कानशीने घासलेल्या नाण्यात ती ठसठशीत राहते. चकती चुकीची असल्याची शंका आल्यास वजन करावे: 2011 च्या मालिकेतील दोन रुपयांचे पोलादी नाणे 4.85 ग्रॅमचे असून चुंबकाला चिकटते, तर त्याच मालिकेतील पाच रुपयांचे निकेल-पितळी नाणे 6 ग्रॅमचे असून चिकटत नाही.

सालाखालचे चिन्हही पाहावे. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा आणि नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यावर चिन्ह नसते, म्हणून चिन्हाचा अभाव हा दोष समजू नये. संशयित नाणे चिंचेने किंवा पावडरने मुळीच घासू नये, कारण पारख ज्या खुणांवरून होते त्या प्रथम पुसल्या जातात.