सीक्रेट्सचं ऑडिट करताना गळती आपल्याच हातून होते, या चुका टाळा

कंपनीत किती सीक्रेट्स, म्हणजे पासवर्ड, टोकन आणि एपीआय किल्ल्या (एका प्रोग्रामला दुसऱ्या सेवेत शिरू देणारे गुप्त कोड), कुठे कुठे पडून आहेत हे शोधायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "आधी सगळं एका एक्सेलमध्ये काढून घेऊ, मग निवांत बघू." मीही एकदा हे केलं आहे. कोडमध्ये राहून गेलेले पासवर्ड शोधणाऱ्या गिटलीक्स या स्कॅनरचा रिपोर्ट काढला, टीमच्या ग्रुपवर टाकला आणि चहा घेऊन परत आलो तेव्हा लक्षात आलं, की डेटाबेसचा चालू पासवर्ड त्यात जसाच्या तसा दिसतोय. तोवर तो एका जुन्या रेपोत (कोडच्या साठ्यात) पडून होता, आता अकरा जणांच्या फोनवर गेला. त्या रात्री ऑडिट राहिलं बाजूला, पासवर्ड बदलत बसलो.

गिटलीक्सला 'रिडॅक्ट' नावाचा पर्याय आहे. तो दिला की रिपोर्टमध्ये किल्ली झाकली जाते आणि फाइल, ओळ, कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद), कोणी आणि कधी टाकली एवढं उरतं. ऑडिटला तेवढं पुरतं. किल्ली कोणाची, किती जुनी, कोण वापरतं आणि बदलायची जबाबदारी कोणाची, हेच तर शोधायचं असतं. त्यासाठी पासवर्ड वाचावा लागत नाही.

ऑडिटरला ४०३ येतो, म्हणून रूट टोकन

हॅशिकॉर्प व्हॉल्ट या सीक्रेट्स सांभाळणाऱ्या तिजोरीत किल्ली न दाखवता माहिती देण्याची सोय मुळातच आहे. त्यातल्या केव्ही इंजिनाच्या (सीक्रेट्स साठवणाऱ्या भागाच्या) दुसऱ्या आवृत्तीत 'डेटा' म्हणजे सीक्रेट आणि 'मेटाडेटा' म्हणजे त्याबद्दलची माहिती, असे दोन वेगळे मार्ग असतात. ऑडिटरला फक्त मेटाडेटावर यादी आणि वाचनाची परवानगी दिली, की सीक्रेट कधी तयार झालं, किती वेळा बदललं हे त्याला दिसतं, आतला पासवर्ड दिसत नाही. मालकाचं नावही कस्टम मेटाडेटात लिहून ठेवता येतं.

अडतं ते पॉलिसी, म्हणजे कोणाला काय बघता येईल याचे नियम, लिहिताना. कमांड लाइनवर मार्ग 'सीक्रेट/पेमेंट' असा दिसतो, म्हणून पॉलिसीतही तसाच लिहिला जातो. तिथे मात्र मधला 'मेटाडेटा' हा शब्द लागतो. तो नसला की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' हा एरर येतो, तासभर डोकं खाजवून होतं आणि शेवटी वैतागून कोणीतरी ऑडिटरला सगळं उघडणारं रूट टोकन देऊन मोकळं होतं. मग कुंपणच शेत खायला मोकळं.

सर्व्हरवर ॲप्स चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्ये उलटा फसवा प्रकार आहे. "नावांची यादी तर बघायची आहे" म्हणून सीक्रेट्सवर 'लिस्ट' परवानगी दिली, तर एपीआय नावांसोबत मजकूरही देतो. तो बेस६४ या अक्षरं बदलून लिहिण्याच्या पद्धतीत असतो, आणि बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे. एका कमांडने ते उघडतं.

स्कॅनर म्हणतो, काहीच नाही

कोड आपोआप तपासणाऱ्या पाइपलाइनमध्ये शून्य किल्ल्या आणि लॅपटॉपवर चाळीस सापडल्या, तर आधी चेकआउटची, म्हणजे कोड उतरवून घेण्याची पायरी बघा. गिटहब ॲक्शन्स या पाइपलाइनची नेहमीची चेकआउट पायरी शेवटचा एकच कमिट आणते. इतिहासच नाही तर स्कॅनर शोधणार कुठे? 'फेच-डेप्थ' शून्य केलं की पूर्ण इतिहास येतो.

ट्रफलहॉग या दुसऱ्या स्कॅनरची गोष्ट वेगळी. तो सापडलेली किल्ली खरोखर लावून बघतो. एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउडची) असेल तर "ही किल्ली कोणाची" असं तिकडच्या सर्व्हरलाच विचारतो. किल्ली क्लायंटची असेल तर त्यांच्या सुरक्षा टीमकडे घंटा वाजू शकते, तेव्हा आधी विचारा, नाहीतर पडताळणी बंद ठेवून चालवा. आणि 'अनव्हेरिफाइड' दिसलं म्हणजे किल्ली मेली असं धरू नका. ऑफिसच्या फायरवॉलने बाहेरची विनंती अडवली तरी पडताळणी होत नाहीच.

व्हॉल्ट अचानक गप्प

व्हॉल्ट सील (कुलूपबंद) झालेलं नाही, नेटवर्क ठीक, तरी सगळ्या विनंत्या फसताहेत. अशा वेळी आधी डिस्क बघा. चालू असलेल्या ऑडिट लॉगपैकी (कोणी काय मागितलं याच्या नोंदवह्यांपैकी) एकातही नोंद लिहिता आली नाही, तर व्हॉल्ट विनंती पुरी करत नाही. नोंद नाही तर काम नाही, असा त्याचा खाक्या आहे आणि मला तो पटतो. म्हणून दोन लॉग ठेवा, दोन वेगळ्या जागी. जुन्या लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटने फाइलचं नाव बदलल्यावर व्हॉल्टला सिगहप (फाइल नव्याने उघडण्याचा इशारा) पाठवायलाही विसरू नका, नाहीतर तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो.

या लॉगमध्ये नाजूक मजकूर एचमॅक हॅश होऊन, म्हणजे मूळ मजकूर ओळखता न येणाऱ्या खुणेच्या रूपात येतो. "नीट वाचता येत नाही" म्हणून 'लॉग रॉ' चालू करणारे मी पाहिले आहेत. त्याने सगळी सीक्रेट्स उघडी पडतात. एखादं टोकन शोधायचं असेल तर व्हॉल्टकडूनच त्याचा हॅश काढून घ्या आणि तो लॉगमध्ये शोधा.

ओळ पुसली, किल्ली तशीच

टोयोटाच्या टी-कनेक्ट या गाड्यांच्या ऑनलाइन सेवेच्या सोर्स कोडचा काही भाग बाहेरच्या कंत्राटदाराकडून गिटहबवर सार्वजनिक झाला. त्यात सर्व्हरची किल्ली होती. डिसेंबर २०१७ ते सप्टेंबर २०२२ ती तिथेच होती आणि २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते धोक्यात आले. अशा वेळी नवा कमिट टाकून ओळ काढली तरी जुन्या इतिहासात ती राहतेच, लोकांनी घेतलेल्या प्रतींतही राहते. किल्लीच बदलावी लागते.

बदलतानाही घाई नको. "९० दिवसांत कोणी वाचलं नाही" म्हणून एखादं सीक्रेट उडवाल, आणि मार्चअखेरीस वर्षातून एकदाच उठणारी स्क्रिप्ट कोसळेल. एडब्ल्यूएसची सीक्रेट्स मॅनेजर ही तिजोरी पुसलेलं सीक्रेट ७ ते ३० दिवस राखून ठेवते, पण तेवढ्यात मार्च येईलच असं नाही. एडब्ल्यूएसच्या आयएएम युजरला (तिथल्या खात्याला) एका वेळी दोन ॲक्सेस किल्ल्या ठेवता येतात, त्याचा इथे फायदा घ्या. नवी काढा, सगळीकडे लावा, जुनी शेवटची कधी वापरली गेली ते बघत राहा. मग ती नुसती निष्क्रिय करा. कोणाचा फोन आला तर पुन्हा चालू करता येते, पुसलेली येत नाही.